चौदाव्या शर्टाचा खिसा

प्रिय फीतवाल्या,

हे पत्र वाचायच्या आधी पाकीट उलटं करून बघ. डिंकाची कडा सरळ आहे ना? मी ती अंगठ्याने तीनदा दाबली आहे आणि डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक टिंब काढलं आहे, अर्धं पाकिटावर, अर्धं झाकणावर. टिंबाचे दोन तुकडे जुळत नसतील तर तुझ्याआधी हे कुणीतरी वाचलं आहे असं समज. मग तूही वाच, पण लगेच मला निरोप पाठव, म्हणजे कुणाची मानगूट धरायची ते मी ठरवीन. हसू नकोस लेका. मंत्र्याच्या बंगल्यात चार दिवस राहून बघ, तूही मीठ घ्यायच्या आधी मीठदाणी हुंगायला लागशील. पत्र टपालाने पाठवलेलं नाही. ज्याच्या हाती पाठवलं आहे त्याच्याबद्दल पुढे सांगतो. सध्या त्याला बसायला स्टूल दे, आणि हे त्याच्यासमोर मोठ्याने वाचू नकोस.

पस्तीस वर्षांनी मित्राला पत्र लिहायचं आणि सुरुवात पाकिटापासून करायची, हे माझ्या बायकोने पाहिलं असतं तर तिने कपाळावर हात मारला असता. ती म्हणते, "या घरात तुम्हांला संशय येत नाही असा एकच माणूस आहे, तो म्हणजे आरशातला." तिचं चुकतं. त्याच्यावर तर माझा सगळ्यात जुना संशय आहे. तोच आज तुझ्यापुढे मांडायला बसलो आहे, आणि तो कुठून सुरू करावा ते मला नीटसं कळत नाहीये.

फाईलपासून करतो. गेल्या महिन्यात जुनं दप्तर सांभाळणाऱ्या बाई स्वतः एक फाईल घेऊन माझ्या खोलीत आल्या, रुमालाने धूळ पुसत. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू माझा हरवलेला जन्माचा दाखला सापडला. आत एक पिवळी पडलेली चिठ्ठी. 'पट्टा क्रमांक पाच. जमीन मोकळी.' खाली दोन सह्या. एक माझी, वेलबुट्टी काढल्यासारखी, कारण तेव्हा सही करण्याची मला नवी नवी हौस होती. दुसरी तुझी, घाईत खरडलेली. नदीकाठच्या त्या कुंपणाआडच्या जमिनीवर आता विस्थापितांची वस्ती होते आहे, हे तू पेपरात वाचलंच असशील. वाटप माझ्याच खात्याकडे आहे. एक ते चार पट्ट्यांवर घरं आणि पाचव्यावर शाळा. येत्या रविवारी माझ्या हस्ते सगळं खुलं व्हायचं होतं. नकाशात शाळेची घंटा पट्ट्याच्या पार टोकाला, काटेरी झाडांपाशी दाखवली आहे. तीच झाडं. बाई म्हणाल्या, "साहेब, केवढा योगायोग! तुम्हीच मोकळी केलेली जमीन!" मी हसलो. त्या गेल्यावर दार लावून घेतलं आणि पाणी प्यायलो, तेही टेबलावरचं न पिता नळाचं.

आपली जोडी कशी लागली ते आठवतं का? मी विहिरी खणणाऱ्याचा मुलगा. बाप जमिनीवर पालथा पडून तळहाताने माती चाचपायचा आणि सांगायचा, इथे खडक आहे, इथे पाणी आहे, इथे काही नाही, उगाच घाम गाळू नका. बाजाराच्या दिवशी भरतीची गाडी गावात आली तेव्हा मी छाती फुगवून रांगेत उभा राहिलो. फीत लावून मोजणारा भरतीवाला म्हणाला, "छाती कसली, काडी आहे नुसती." तेच नाव पडलं. पुढे सुरुंग काढणाऱ्या तुकडीत खरीच काडी हातात आली, हातभर लांब पोलादी सळई. पोटावर पडून ती तिरकी तिरकी मातीत खुपसत पुढे सरकायचं. टणक लागलं की थांबायचं, बोटांनी माती बाजूला करायची, आणि खाली निघेल तो दगडच असू दे म्हणून मनातल्या मनात हात जोडायचे. माझ्यामागे दहा पावलांवर तू, पांढरी फीत उलगडत आणि खुंट्या ठोकत. मी तपासलेल्या वाटेच्या दोन्ही कडा तुझ्या फितीने आखल्या जायच्या.

कॅप्टनने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, एकट्याने कधीही काम करायचं नाही. एकटा गेला तर त्याला शोधायला दुसरा जातो आणि मग दोघंही जातात. वाट संपली की ज्याने ती मोकळी केली त्यानेच ती आधी चालायची, हात पाठीमागे बांधून, सगळ्यांच्या देखत. त्यानंतर तू फितीचं टोक शेवटच्या खुंटीला दुहेरी गाठ मारून बांधायचास. काम अर्धवट राहिलं असेल तर टोक सुटं सोडायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी येणाऱ्याला लांबूनच कळावं. गाठ नाही, तर पाऊल नाही. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी हे आपण म्हणून दाखवलं असतं.

आणि तुझी बडबड! मी जमिनीला कान लावून पडलेला, आणि मागे तुझा रेडिओ चालू. कोण स्वयंपाकघरातून साखर चोरतो, कॅप्टनच्या बायकोने पत्रात काय लिहिलं, सगळं तुला ठाऊक. एकदा म्हणालास, "काड्या, लढाई संपल्यावर लोक मला विचारणार, तू काय काय पाहिलंस? मी काय सांगू? ह्याच्या बुटांचे तळवे?" मी हसू दाबताना सळई हलली होती आणि दोघांचंही रक्त गोठलं होतं. पुढे माझा उजवा गुडघा दगडावर आपटून नारळाएवढा सुजला. सुट्टी मागायची मला लाज वाटत होती. तेव्हा तू तुझा कोट काढून त्याची घडी माझ्या गुडघ्याखाली सारायचास, मी हातभर पुढे सरकलो की पुन्हा काढून पुन्हा सारायचास. असं बारा दिवस केलंस. हे मी विसरलो होतो असं नाही, पण आठवायचं टाळत होतो.

फौजेतून सुटलो तेव्हा गावात नव्या विहिरीवरून रण माजलं होतं. ठेकेदार म्हणे शंभर हात खोल, गाव म्हणे मग पाणी का नाही. सगळे काठावर उभे राहून एकमेकांच्या आयाबहिणी काढत होते. मी दोर कमरेला बांधला आणि म्हणालो, आधी मी उतरतो. साठ हात निघाली. त्या दोराला धरून जो वर आलो तो गावच्या कारभारात, तिथून जिल्ह्यात, तिथून राजधानीत. पहिल्या मोठ्या निवडणुकीला एक फोटो छापला: मोकळ्या केलेल्या पट्ट्यावरून मी चालतो आहे, हात पाठीमागे, डोकं उघडं. तो चौथा पट्टा, तुला माहीत आहे. फोटोच्या कडेला तुझं कोपर दिसत होतं, छापताना ते कापलं. खाली मोठी अक्षरं, 'आधी मी चालतो.' विरोधक म्हणाले, बरोबर आहे, ह्या गृहस्थाचं सगळीकडे आधी 'मी'च असतं. पण लोकांना ते पटलं. एकदा नाही, सहा निवडणुका पटलं. पूल असो, बोगदा असो, धरणाची भिंत असो, उद्घाटनाला मी आधी एकटा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो, मग बाकीचे येतात. आता भाषणापेक्षा लोक त्याचीच वाट बघतात.

जमिनीवर विश्वास न ठेवायची सवय माणसांना लावली की राजकारणात फार उपयोगी पडते. हार जड लागला की मी फुलांत बोटं घालून बघतो. सहा महिन्यांनी एखाद्या सहकाऱ्याने तब्येत विचारली की समजतो, ह्याचा माझ्या खात्यावर डोळा आहे. ड्रायव्हरने गल्ली बदलली की विचारतो का बदलली, आणि न बदलली तरी विचारतो, रोज हीच का. नवा सचिव फार नम्र आहे, म्हणून त्याच्या मागे एक माणूस ठेवला आहे, आणि तो माणूस फार हुशार निघाला म्हणून त्याच्याही मागे एक. मुलगी म्हणते, "बाबा, शाळेत माझा पहिला नंबर आला तेव्हा तुम्ही बाईंना जाऊन विचारलं होतंत, वर्गात मुलं किती होती." ते खरं आहे. तेहतीस होती.

या सगळ्या संशयांचं मूळ मात्र तू. रागावू नकोस, पुढे ऐक.

त्या दिवशी दुपारी तार आली. बायको अडली आहे, लगेच ये. गाडी चार वाजता सुटणार होती आणि पुढची आठ दिवसांनी. कॅप्टन मुख्यालयात गेलेला. पाचवा पट्टा जवळजवळ संपला होता, काटेरी झाडांपर्यंतची चाळीस पावलं काय ती उरली होती. मी काहीही बोललो नव्हतो, पण तू माझ्याकडे बघून म्हणालास, "जा तू. उरलेलं मी बघतो." मी कोऱ्या चिठ्ठीवर सही केली, सामान पिशवीत कोंबलं आणि धावत सुटलो. घरी पोचलो तर मुलगी दोन दिवसांची झाली होती आणि बायको उशीला टेकून बसली होती. परत आलो तोवर तुकडी हलली होती, चिठ्ठी दप्तरात गेली होती, नदीकाठाला कुंपण पडलं होतं. तू काही सांगितलं नाहीस आणि मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तुला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते मला नको होतं.

मग मी मोठा होत गेलो आणि माझी भीतीही मोठी होत गेली. हा कधीतरी बोलणार. फोटोखालची अक्षरं खोटी आहेत हे जगात एकालाच माहीत आहे, आणि तो कुठेतरी गप्प बसून वेळ साधतो आहे. तू फौजेच्या प्रशिक्षण शाळेत शिकवायला अर्ज केलास, तेव्हा माझं मत मागवलं होतं. मी लिहिलं, 'योग्य वेळी विचार व्हावा.' सरकारी भाषेत याचा अर्थ काय होतो ते तुला नंतर कळलं असेलच. तुझ्याएवढं ते काम कुणालाच येत नव्हतं. मला तू मुख्यालयाच्या, वर्तमानपत्रांच्या, माणसांच्या जवळ नको होतास. तू शिंपी झालास हे कळलं तेव्हा मला हायसं वाटलं. वाटलं, ह्याच्या गळ्यातली फीत काही सुटत नाही, पण आता हा तिने फक्त छात्या मोजेल.

तरी चैन पडेना. मंत्री झालो आणि पहिल्या महिन्यात तुझ्यावर एक माणूस लावला. गोदामातला कारकून म्हणून तुझ्याकडे शर्ट शिवायला येतो ना, ढेरी सुटलेला, कॉलर नेहमी सैल मागणारा? आत्ता तुझ्या स्टुलावर बसला असेल, तोच. अकरा वर्षांत त्याने तेरा शर्ट शिवून घेतले, आमच्या कचेरीत त्याच्याइतके मापात बसणारे कपडे कुणाचेच नाहीत. दर वेळी तो अहवाल लिहायचा. 'शिंपी साहेबांबद्दल काही बोलत नाही.' हे वाचून मी निश्चिंत व्हावं की नाही? मी आणखी घाबरायचो. का बोलत नाही? एकदा त्याने लिहिलं, 'शिंप्याने विचारले, बाही आखूड करू का?' मी दोन दिवस त्या वाक्यावर बसलो होतो, की ह्याला कुणाचे हात आखूड करायचे आहेत. एकदा तुझ्या दुकानातल्या टीव्हीवर मी नव्या पुलावरून चालताना दिसलो. गिऱ्हाइकं टाळ्या वाजवत होती. तू मान वर करून बघितलंस आणि एवढंच म्हणालास, "उजवा गुडघा अजून तसाच आहे." मी त्या वाक्याखाली तांबडी रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'धमकी?'

आता फाईलकडे परत येतो. चिठ्ठी बघितल्यावर मी म्हणालो, सगळ्या पट्ट्यांची फेरतपासणी करा. मुख्य इंजिनिअर चपापला. म्हणाला, "साहेब, प्रत्यक्ष तुमची सही असलेली जमीन पुन्हा तपासायची? लोक म्हणतील आम्ही तुमच्यावर अविश्वास दाखवला." मी हट्ट धरला, तेव्हा पथक गेलं आणि आठ दिवसांनी अहवाल आला. पहिल्या चार पट्ट्यांत काय काय सापडलं त्याची ही मोठी यादी: खिळे, तारा, गंजलेले डबे, एक चमचासुद्धा. पाचव्या पट्ट्यापुढे लिहिलं होतं, 'काहीही आढळले नाही.' नदीकाठची ती जमीन, जिथे दोन वर्षं लढाई चालली, आणि तिथे एक खिळासुद्धा नाही! ते आत गेलेच नाहीत, फीतवाल्या. सापडलेल्या एकमेव चिठ्ठीवरच्या माझ्या सहीवर विसंबून सावलीत बसले आणि कागद भरला. तू म्हणशील, तुला इथे बसून कसं कळलं? चोराच्या मनात चांदणं. तसा कागद मी स्वतः भरलेला आहे, त्याचा वास मला बरोबर येतो.

दुसऱ्यांदा तपासणी मागायची तर कारण लिहायला हवं होतं. रोज सकाळी मी ते लिहायला पेन उचलायचो आणि कुणीतरी भेटायला यायचं. माझ्याकडे कुणी ना कुणी येतच असतं, पण त्या दिवसांत मी त्यांना आग्रहाने बसवून घेत होतो. रविवार जवळ येत होता. त्या शाळेत दोनशे मुलांची नावं लागली आहेत, ती यादीही माझ्याच टेबलावर होती. मी ती वाचायचो, फाईलखाली सारायचो आणि थोड्या वेळाने पुन्हा काढायचो. मनाला समजावत होतो की तू म्हणाला होतास ना, उरलेलं मी बघतो, म्हणजे तू बघितलंच असणार. ज्या माणसावर पस्तीस वर्षं संशय घेतला, त्याच्या एका वाक्यावर मला एकदम केवढा विश्वास बसला होता बघ.

आणि मागच्या शुक्रवारी चौदावा शर्ट आला. कारकून घाबराघुबरा माझ्या खोलीत शिरला. नवा शर्ट घालून खिशात हात घातला तर आत काहीतरी होतं. पांढऱ्या फितीचा वीतभर तुकडा, जुना, पिवळट, विणीत माती बसलेली. आमच्या सुरक्षेच्या मुख्याने तो चिमट्यात धरून प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला, 'सुती, जुनी, निरुपद्रवी.' मी मनात म्हटलं, निरुपद्रवी म्हणे! अखेर हा बोललाच. वस्तीची बातमी वाचली आणि संधी साधली. आता हा काय मागणार, याचा मी तीन दिवस विचार करत होतो. तुला कुठल्या समितीवर घ्यावं म्हणजे तू गप्प बसशील, त्याची नावंसुद्धा काढली होती. हे लिहिताना मान खाली जाते, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

मंगळवारी सकाळी बायको माझ्या खोलीत चष्मा शोधायला आली. टेबलावरचा तुकडा उचलून म्हणाली, "ही कसली नाडी? आणि दोन्ही टोकं सुटी? गाठ मारायची राहिली वाटतं."

मी तिच्या हातातून तुकडा घेतला. गाठ नाही, तर पाऊल नाही. तू काही मागत नव्हतास. रविवारी कॅमेऱ्यांसमोर मी आधी चालणार, हात पाठीमागे बांधून, काटेरी झाडांपर्यंत, हे साऱ्या देशाला ठाऊक होतं आणि तुलाही. पत्र लिहिलं तर ते आधी माझा सचिव फोडणार. स्वतः आलास तर फाटकावरच अडवणार, कारण तुझं नाव अडवायच्या यादीत आहे, ते मीच घातलं आहे. म्हणून तू तुझ्यावर लावलेल्या माणसाच्याच खिशात निरोप टाकलास. तो माझा माणूस आहे हे तुला कधीपासून माहीत होतं रे? पहिल्या शर्टापासून? आणि तरी दर वेळी त्याची कॉलर सैल करून देत होतास?

मी उठलो आणि कपाट उघडलं. लोकरी कपड्यांच्या खाली, फ्लॅनेलच्या फडक्यात माझी काडी आहे. संग्रहालयवाल्यांनी ती दोनदा मागितली, मी दिली नाही. दरवर्षी मी तिला तेल लावतो. त्या दिवशी चारच्या गाडीच्या घाईत ती मी सामानाबरोबर पिशवीत कोंबली होती आणि घरी घेऊन आलो होतो. तुझ्या हातात मग काय राहिलं होतं? नुसती फीत. नुसत्या फितीने, एकट्याने, चाळीस पावलं कुणी तपासतं का? पुरावा पस्तीस वर्षं माझ्या कपाटात होता, आणि मी तो तुझ्या दुकानात शोधत होतो. तू सही केलीस ती त्या जमिनीसाठी नव्हतीच. मी काम टाकून पळालो हे कॅप्टनला कळू नये म्हणून केलीस. पुढे कुंपण पडलं, तिथे कुणी जाणार नाही म्हणून गप्प राहिलास, आणि मी तुझ्या त्या गप्प राहण्याची एवढी मोठी शिक्षा तुला दिली. मी रडलो गड्या, कपाटाचं दार धरून. बायकोला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. तिने माझा हात काढून कपाटाचं दार लावलं. मग म्हणाली, "त्या माणसाला एकदा घरी जेवायला बोलावलं असतंत तर चौदा शर्टांचं कापड वाचलं असतं." आणि बाहेर जाऊन मुलीला फोन लावला.

आज सकाळी मी रविवारचा समारंभ रद्द केला. कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'पाचव्या पट्ट्यावरची माझी सही खोटी आहे. ती जमीन मी पूर्ण तपासली नव्हती आणि चाललोही नव्हतो.' तुझं नाव त्यात नाही. उद्याच्या पेपरांत ते येईल आणि परवापर्यंत खुर्ची जाईल. सचिव आज पहिल्यांदाच दार न वाजवता आत आला, त्यावरूनच ओळखलं. शनिवारी सकाळी सात वाजता फौजेचं नवं पथक यंत्रं घेऊन नदीकाठी येतं आहे, सगळे पट्टे पहिल्यापासून तपासायला. त्यांच्याकडून मी शेवटची एक गोष्ट मागून घेतली आहे. पाचव्या पट्ट्याची ती चाळीस पावलं आधी आपण दोघं करू, ते मागे उभे राहून बघतील, आणि मग त्यांना हवं तर त्यांनी पुन्हा करावं. हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. उत्तर पाठवू नकोस. 'येतो' असं लिहिलंस तरी त्यात मी काहीतरी शोधत बसेन, स्वभावाला औषध नाही. तुझ्या स्टुलावरचा तो माणूस शुक्रवारी गाडी घेऊन येईल. यावंसं वाटलं नाही तर त्याला पंधराव्या शर्टाचं माप घेऊन परत पाठव, मी समजून जाईन. आलास तर एक जुना कोट आण, गुडघा खरंच अजून तसाच आहे. काडी माझ्याकडे आहे, फीत तू आण. पुढे मी, मागे दहा पावलांवर तू, आणि तोंड बंद ठेवू नकोस, अकरा वर्षांच्या अहवालांत तुझं एक धड वाक्य मला वाचायला मिळालेलं नाही. काटेरी झाडांपाशी पोचलो की शेवटच्या खुंटीला गाठ तू मार. ती मारलेली माझ्या डोळ्यांनी बघेन आणि मगच हात पाठीमागे बांधून चालेन.

तुझाच,
काडी